कोणाचा बाप?

आज लोकलमध्ये कादंबरी वाचता वाचता एका पानावर अडकले. १६३०चं दशक, आताच्या कॅनडातलं वेंडाट या मूळनिवासी लोकांचं गाव. जेझुइट या ख्रिस्ती संघाचा फ्रेंच पाद्री देवाला 'बाप' म्हणणारी प्रार्थना शिकवतोय, पण त्यांच्या भाषेत नुसतं 'बाप' म्हणताच येत नाही. माझा, तुझा, त्याचा... कोणाचा तरी लागतोच.

हे कल्पित नाही. ज्याँ द ब्रेबफ या पाद्र्याने १६३६च्या वृत्तान्तात ही अडचण लिहून ठेवलीय. आणि हेही, की ज्याचा बाप वारलाय त्याच्यापुढे बापाचा विषय काढणं म्हणजे अपमान.

पुस्तक मिटलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, अजून कुणी विचारलं की घसा दाटतो.

१६४०पर्यंत देवी आणि इतर साथींत जवळपास निम्मे वेंडाट गेले. उरलेल्या पोरांना 'आमच्या बापा' म्हणताना काय वाटलं असेल?