बूस्ट होता, पेट्रोल पुरत नव्हतं

मध्यंतरी वर्कशॉपवर एक गाडी आली होती, तिचा विचार अजून डोक्यातून जात नाही. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन. तक्रार अशी की खंबाटकी घाट चढताना ट्रकला मागे टाकायला तिसऱ्या गिअरमध्ये दाबली, की पाच हजार आरपीएमच्या वर गाडी झटके खाते आणि ओढायचीच थांबते. पाय काढला की पुन्हा सुरळीत. चेक लाइट लागत नाही, स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. मालक कराडकडचा, पंचविशीतला, गाडीवर जीव असलेला मुलगा. आधीच्या दोन गॅरेजांनी प्लग, कॉइल आणि बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा) कंट्रोल सोलेनॉइड बदलला होता. लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरांच्या आकड्यांची नोंद, कुणीच काढला नव्हता. पार्ट बदलत राहायचं आणि गाडी बरी होते का बघायचं, ही आपल्या धंद्याला लागलेली कीड आहे आणि तिचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

मला खटकलं ते कोड नसणं. एवढे झटके बसत असताना ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गप्प राहत नाही. त्याला कुणीतरी गप्प बसवावं लागतं. ईसीयूमधली फाइल वाचून काढली आणि तेच निघालं. ऑनलाइन विकत मिळणारी, ताकद वाढवणारी 'स्टेज वन' फाइल भरलेली होती. बूस्टचं टार्गेट वाढवलं होतं, टॉर्कच्या (इंजिनाच्या ओढीच्या) मर्यादा वर नेल्या होत्या; इथवर ठीक, तो रिमॅपचा, म्हणजे फाइल बदलण्याचा, भागच आहे. पण रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणारा पेट्रोलचा दाब) कमी पडल्याचा कोड बंद, मिश्रण लीन झाल्याचा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याचा) कोड बंद. ज्याने हे केलं त्याला या तक्रारी येणार हे माहीत होतं. याला मी ट्यूनिंग म्हणत नाही.

डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, गाडी बांधली, हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावला आणि चौथ्या गिअरमध्ये रन घेतला. बूस्ट मागितला तेवढा मिळत होता, वातावरणाच्या वर सव्वा बारच्या आसपास. म्हणजे टर्बो, वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप), पाइप सगळं ठणठणीत. रेल प्रेशरचं टार्गेट २०० बार. साडेचार हजारांपर्यंत रेघ सरळ, पाच हजारांना १६५, साडेपाच हजारांना १३०. लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, एकाच्या जितकं खाली तितकं पेट्रोल जास्त) ०.८४ मागितला होता, मिळत होता ०.९३. तिसऱ्या सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग नॉकमुळे (मिश्रण अवेळी भडकल्यामुळे) सात-आठ डिग्री मागे गेलेलं. मी रन तिथेच सोडला.

टर्बोची गाडी फुल लोडवर रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, का चालवतात, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतं. त्याची वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता घेतं, नॉक दूर ठेवतं, टर्बाइनमध्ये जाणारा एक्झॉस्ट थंड ठेवतं. ते पेट्रोल कमी पडलं की बूस्ट तसाच राहतो आणि संरक्षण निघून जातं. हवा वाढवणं फार सोपं आहे, वेस्टगेट थोडा जास्त वेळ बंद ठेवला की झालं. इंधनाला मात्र वेळही लागतो आणि दाबही. सहा हजार आरपीएमला चार स्ट्रोकचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. सिलिंडरच्या बाहेर, इनटेकच्या वाटेत पेट्रोल सोडणाऱ्या पोर्ट इंजेक्शनला त्यातला बहुतेक वेळ वापरता येतो. डायरेक्ट इंजेक्शनला पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडायचं असल्याने इनटेक आणि कॉम्प्रेशनचा काही भाग एवढंच मिळतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्यात दाब २०० वरून १३० वर आला की इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, जवळजवळ १९ टक्के. ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरपाई करतो, पण वेळ संपली की त्याच्या हातात काहीच उरत नाही.

आता दाब पडतो कुठे? हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो. त्याला मागून जेवढं पेट्रोल येईल तेवढंच तो दाबणार. टाकीतल्या पंपाचा दाब बघितला. मागणी सहा बारची, वरच्या आरपीएमला पोचत होते जेमतेम चार. माझ्याकडचा मदतनीस लगेच म्हणाला, "दादा, पंप मागवू?" त्याला म्हटलं, आधी मल्टिमीटर आण. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, आणि लोडवर पंपाच्या कनेक्टरला ११.२. मागची सीट उचलून कनेक्टर उघडला तर एक पिन तापून काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. पंप चांगला होता, त्याला वीजच पुरत नव्हती. कनेक्टर आणि वायरचा तुकडा बदलला. सगळं साहित्य काही शेकड्यांचं. त्या मदतनीसाने व्होल्टेज ड्रॉप (वायरीत वाटेतच हरवणारे व्होल्ट) कसा मोजायचा ते त्या दिवशी स्वतःच्या हाताने करून पाहिलं, याचं मला खरंच समाधान आहे.

बहुतेक ठिकाणी गाडी इथेच परत दिली गेली असती. पुन्हा रन घेतला. मागचा दाब टिकला, तरी ५,२०० च्या पुढे रेल १८० च्या घरात उतरतच होती. आता कुठलाच पार्ट खराब नव्हता. हाय प्रेशर पंप त्याच्या क्षमतेच्या टोकाला पोचला होता.

याच्यामागे फाइल आहे, तसं पेट्रोलही आहे. पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०३० चं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठलं. त्यावरून जे वाद चालतात त्यातली दोन्ही टोकं मला पटत नाहीत. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, बाष्पीभवनाला लागणारी उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, म्हणजे नॉक रोखायला ते उत्तमच. पण लिटरमागे त्यातली ऊर्जा जवळपास एक तृतीयांश कमी. तेवढ्याच हवेला, बिनइथेनॉलच्या पेट्रोलच्या तुलनेत, वीस टक्के मिश्रणाचं साधारण सात टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं. जे इंधन बूस्ट वाढवायला परवानगी देतं, तेच हाय प्रेशर पंपाची शिल्लक क्षमता आधी खाऊन टाकतं. बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर बनवलेली फाइल आज भरली तर हे सात टक्के तिच्या हिशेबात नसतात. गाडीच्या मालकाच्या घरचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथे इथेनॉल तयार होतं. हा हिशेब त्याला माझ्यापेक्षा लवकर कळला.

मग फाइल नव्याने बसवली. बंद केलेले सगळे कोड आधी चालू केले. मधल्या पट्ट्यात, अडीच ते साडेचार हजारांत, टॉर्क चांगला ठेवला. ४,८०० नंतर बूस्ट उतरता केला, रेल १९५ च्या खाली येणार नाही इतका. खाली १,७०० ला जो टॉर्कचा डोंगर रचला होता तोही कापला, कारण डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि पूर्ण लोड असला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि त्यात पिस्टन फुटतात. ऑइल एपीआय एसपी ग्रेडचं (असं अवेळी पेटणं टाळायला मदत करणारं) आहे ना, तेही तपासलं. शिवाय हा मुलगा महाबळेश्वरला वरचेवर जातो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्के कमी. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला बराच जास्त वेग घ्यावा लागतो. म्हणून उंचीप्रमाणे टार्गेट उतरवणारा टेबलही पूर्ववत केला. तोसुद्धा सपाट करून टाकलेला होता.

फाइल विकणाऱ्याने दीडशे हॉर्सपॉवर सांगितले होते. माझ्या डायनोवर १२८ आले. मुलाचा चेहरा उतरला. "दादा, मित्राची तीच गाडी दीडशे देते." मी दोन्ही लॉग शेजारी ठेवून दाखवले. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "मोठा हाय प्रेशर पंप टाकला तर?" प्रश्न रास्त आहे. मोठा पंप टाकता येतो, पण त्याआधी प्लगचं बघायला हवं.

तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलीनवर बारीक चकाकणारे ठिपके होते. ते ॲल्युमिनियमचे असतात, पिस्टनवरून सुटलेले. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरांत सारखं. लीक-डाउनमध्ये (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजण्यात) पहिल्या दोघांत पाच-सहा टक्के, तिसऱ्यात नऊ. नऊ टक्के म्हणजे चालू इंजिनाला काही वाईट आकडा नव्हे. बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) पिस्टनचा काठ जरासा खरबरीत दिसला, त्यापलीकडे काही नाही. पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्यात केसाएवढी चीर असेल तर ती इंजिन उघडल्याशिवाय दिसणार नाही आणि इंजिन उघडायचा खर्च त्या घराला छोटा नाही. मी उघडलं नाही. तो निर्णय त्या दिवशी योग्य वाटला, आजही वाटतो, तरी रात्री तो आकडा आठवतो.

फाइल विकणाऱ्याला यातलं काही कळणारही नाही. त्याने एका कॉम्प्युटरवर चार रकाने बदलले आणि इंजिन वाचवू शकणाऱ्या सूचना पुसल्या. इंजिन गेलंच तर दोष पेट्रोलला किंवा कंपनीला दिला जाईल. म्हणून मूळ फाइल, त्याने विकलेली फाइल आणि दोन्ही लॉग मी मुलाला पेनड्राइव्हवर देऊन ठेवले आहेत.

मोठ्या पंपासाठी त्याचा परवा पुन्हा फोन आला होता. त्याला सांगितलं, आधी तीन हजार किलोमीटर चालव, मग लीक-डाउन पुन्हा करू. तिसऱ्याचा आकडा नऊवरच असेल तर पंपाचं बोलू. बाराच्या वर गेला असेल तर हेड उतरवायचं आणि पिस्टन बाहेर काढून बघायचा, पंपाचा विषय त्यानंतर. हे त्याला कागदावरही लिहून दिलंय.