ओला रंग टिपताना: खानदेशच्या उन्हाळ्यातला माझा अनुभव

मे महिन्यात जळगावला पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा जलरंग टिपायला, म्हणजे ओला रंग टिश्यूने शोषून कागद उजळ करायला, जेमतेम मिनिटभर मिळतं. म्हणून मी टिश्यूच्या घड्या आधी घालून ठेवतो आणि मगच ब्रश भिजवतो. बसायचं सकाळी सातच्या आत. पंखा आणि कूलर, दोन्ही बंद. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटवला की तो बराच वेळ ओला राहतो.

केव्हा टिपायचं हे कागदाची चमक सांगते. कागद उजेडाकडे तिरका धरून बघावा. पाणी आरशासारखं चमकत असताना टिपलं, तर शेजारचा रंग परत त्या जागेत उतरतो आणि कडा विरते. चमक मावळून नुसती ओल उरली की कडा धरते. सातपुड्यावरचे ढग मी याच वेळी काढतो: टिश्यू चुरगाळायचा, टेकवायचा, सरळ वर उचलायचा, आणि दर वेळी कोरडी बाजू फिरवून घ्यायची. तीच बाजू पुन्हा टेकवली तर भिजलेला टिश्यू रंग परत देतो, शिवाय सगळे ढग एकाच साच्यातले दिसतात. ढगाची वरची कड तशीच ठेवून खालची ओलसर ब्रशने विरवावी.

केळीच्या पानाची मधली शीर काढायला टिश्यूची चौपदरी घडी घालून तिची धार नखाने दाबत न्यायची.

वाळलेला रंग काढायचा तर स्वच्छ पाणी लावून दहा-पंधरा सेकंद थांबावं, मग टीपकागद तळहाताने दाबावा. दोन-तीनदा करावं, पण घासू नये. घासलं की कागदाचे तंतू उठतात आणि पुढचा रंग तिथे काळवंडतो. अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) बऱ्यापैकी निघतात. थॅलो ब्लू (गडद निळा) आणि अ‍ॅलिझरिन (गडद लाल) डाग ठेवतातच, त्यामुळे आकाशात जिथे ढग टिपायचे आहेत तिथे मी थॅलो वापरतच नाही.

टिश्यू साधा, पांढरा, बिनवासाचा हवा. लोशन लावलेला असेल तर तेलकट अंश कागदावर उतरतो आणि नंतरचा रंग तिथे धरत नाही. वर्तमानपत्राची शाई उमटते, तेही नको.