कालवा मधेच बंद झाला तर : लीड्स–लिव्हरपूलवरचा माझा अनुभव

उत्तर इंग्लंडमधला लीड्स–लिव्हरपूल कालवा १२७ मैलांचा, मुख्य वाटेवर ९१ लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे. पेनाइन डोंगर चढताना-उतरताना एक लॉक वापरला की दोन लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं आणि त्याची भरपाई मुख्यतः माथ्याकडच्या धरणांतून होते. २०२५ चा वसंत इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला. धरणं ओसरली आणि विगन ते गारग्रेव्ह हा पट्टा बंद झाला.

कालवा बंद झाल्याची अशी नोटीस आली की बोटीतून लांबच्या सफरीवर निघालेला माणूस आधी पर्यायी वाट शोधतो. माझं ठाम मत असं, की आधी मुक्कामाची जागा पक्की करावी. रॉचडेल आणि हडर्सफील्ड नॅरो हे कालवेही त्याच डोंगरावरून जातात, त्यामुळे पाऊस नसेल तर तिथेही टंचाई असते. दक्षिणेकडे जाणाऱ्या ब्रिजवॉटर कालव्याचा बांध तर जानेवारी २०२५ मध्येच डनम मॅसीजवळ फुटला होता. क्रेननं उचलून ट्रकवर नेता येतं, पण ५७ फुटी पोलादी बोट सतरा-अठरा टनांची. खर्च मोठा आणि क्रेन उभी राहील अशा जागा मोजक्याच.

नोटीस वाचताना लॉकचे क्रमांक बघावेत. बहुतेकदा बंद असतात ते लॉक. दोन लॉकमधला सपाट पट्टा, म्हणजे पाउंड, खुला राहू शकतो. गारग्रेव्ह आणि बिंग्ली फाइव्ह राइज (एकाला एक जोडलेले पाच लॉक) यांच्यामधे सुमारे १७ मैल एकही लॉक नाही. वाटेत स्किप्टन लागतं : दुकानं, पाण्याचा नळ, लीड्सला जाणारी रेल्वे. थांबायचंच तर असं ठिकाण हवं. लॉकच्या ओळीमधल्या छोट्या पाउंडमध्ये बोट कधीच ठेवू नये. वरच्या-खालच्या दरवाजांची गळती एवढ्याशा पाण्याला सोसत नाही, एका रात्रीत तळ दिसतो.

पाणी उतरतं तेव्हा खरा धोका काठाशी असतो. काठाजवळ तळ उतरता असतो, दगडी कड पुढे आलेली असते. बोटीची एक बाजू तिच्यावर टेकते, दुसरी खाली जाते, आणि सिंकचा किंवा शॉवरचा निचऱ्याचा पाइप पाण्याच्या रेषेखाली गेला की पाणी आत शिरतं. म्हणून दोर ताणून बांधू नयेत, थोडी ढील द्यावी. बोट काठापासून हातभर लांब ठेवायला मधे फेंडर (धक्का झेलणारी गादी) किंवा जुनं टायर लावावं. काठावर पातळीची खूण करून ती सकाळ-संध्याकाळ बघावी. इंजिन बाहेरचं पाणी ओढून थंड होणारं असेल तर उथळ जागी ते चालवू नये, गाळ ओढला जातो. पोलादी स्किन टँकच्या, म्हणजे बोटीच्या पत्र्याला लागून असलेल्या बंद टाकीत पाणी थंड करणाऱ्या इंजिनाला ही भीती नाही.

मग घरखर्चाचा हिशेब. ५०० लिटरची टाकी दोघांना काटकसरीनं दहा दिवस पुरते. शौचालयाची २० लिटरची कॅसेट, म्हणजे काढून नेता येणारी मैल्याची टाकी, तीन-चार दिवसांत भरते, म्हणून ती रिकामी करण्याची जागा चालत जाण्याइतकी जवळ हवी. नळाइतकंच हेही महत्त्वाचं. बॅटरीसाठी इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालवायचं नाही, हा नियम थांबलेल्या बोटींना लागू आहे, त्यामुळे सौर पॅनेल फार उपयोगी पडतं.

एका जागी साधारणपणे १४ दिवसच थांबता येतं. बंदमुळे अडकलात तर कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला (कालव्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेला) लगेच लेखी कळवून मुदत वाढवून घ्यावी, उत्तर जपून ठेवावं. बोट सोडून घरी जाणार असाल तर विमा कंपनीलाही आधी विचारावं. माणूस नसलेल्या बोटीसाठी अटी वेगळ्या असू शकतात.

मागे फिरायचं ठरलं तर वाइंडिंग होलची, म्हणजे बोट वळवायच्या रुंद जागेची, लांबी आधी तपासावी. वेळेचा अंदाज सोपा : मैल अधिक लॉक, भागिले तीन, येतील ते तास. २० मैल आणि २५ लॉक म्हणजे १५ तास, दोन दिवसांचं काम. पाणी वाचावं म्हणून लॉकमध्ये दुसरी बोट सोबत घ्या, आणि निघताना पॅडल, म्हणजे लॉकमध्ये पाणी घेणारी-सोडणारी झडप, पूर्ण खाली बसल्याची खात्री करा. टंचाईत अर्धवट उघडं राहिलेलं एक पॅडल मागच्या सगळ्यांना अडकवतं.

पाऊस पडून कालवा उघडला तरी लगेच दोर सोडू नका. सुरुवातीला लॉक ठरावीक वेळेतच उघडले जाऊ शकतात, आणि नोव्हेंबर ते मार्च दरवाजे बदलण्याची हिवाळी कामं चालतात. त्यांची यादी आधीच जाहीर होते. आपल्या वाटेवरचा एखादा लॉक त्यात आहे का, हे बघूनच पुढची तारीख ठरवा.