पाठमोऱ्या गाड्या

मोबाइल भरला म्हणून दुपारी फोटो पुसत बसलो होतो. लेक मागून डोकावली. "बाबा, तुझ्या सगळ्या गाड्या पाठमोऱ्याच का रे?"

आहेत खऱ्या. रेल्वेगाड्यांचे फोटो काढणारी आमची मंडळी इंजिनावर जीव टाकतात. पळसदरीच्या वळणावर ऊन कधी येतं, कुठल्या गाडीला कुठल्या शेडचं इंजिन लागतं, सगळं तोंडपाठ. मुंबईच्या रेल्वेमार्गांवरची डीसी वीज जाऊन एसी आली आणि एसी-डीसी दोन्हींवर धावणाऱ्या डब्ल्यूसीएएम-३ इंजिनांचं महत्त्व ओसरलं, तेव्हा एका मित्राची जेवणावरची वासनाच उडाली होती. मी मात्र इंजिन जाऊ देतो. मला हवा असतो शेवटचा डबा. त्यावरची पिवळी फुली, लुकलुकणारा लाल दिवा आणि 'एलव्ही'ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, ती छोटी पाटी.

ही खोड मिरजेकडच्या आजोळची. घरामागे रेल्वेचं फाटक होतं. गाडी आली की आम्ही डबे मोजायचो आणि आकड्यावरून भांडायचो. गेटमनमामा कधीच मोजायचे नाहीत. एका हातात हिरवा झेंडा, दुसऱ्यात गुंडाळलेला लाल. डोळे गाडीच्या शेपटाकडे. पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली, मधूनच तुटून दोन-चार डबे मागे राहिले नाहीत. पुढच्या स्टेशनात मास्तरही तेच बघणार आणि मगच मागच्या गाडीला वाट मोकळी होणार. तेवढ्यात गार्डाच्या डब्यातून झेंडा हलायचा. तो खास आपल्यालाच दाखवला, यावर आमचं दुसरं भांडण.

शिवाय इंजिनाच्या फोटोत निवांतपणा कसला? ते अंगावर येतं, हॉर्न देतं, हात हलतो, संपलं. पाठमोरी गाडी सावकाश लहान होत जाते. मागे धुरळा, रुळांवर गिरक्या घेणारे कागद, पांढऱ्या कपड्यातला गार्ड. हवे तेवढे फोटो काढा. पंचाईत होते ती फक्त बोरघाटात. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ. कर्जतला दिवाडकरांचा वडा हातात येईस्तोवर गाडीच्या मागे तिला चढावर ढकलणारी बँकर इंजिनं लागलेली असतात. म्हणजे शेपटालाही तोंड! मी घाटात कॅमेरा काढत नाही. मित्रांना हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. वाटो.

२०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मालगाड्यांच्या शेपटाला तर माणसाऐवजी यंत्र बसवण्याचे प्रयोग झालेत. शेवटचा डबा जागेवर आहे, हे ते यंत्रच इंजिनात कळवतं. सोय चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाही. त्याचा फोटो काढावा असं मात्र अजून मनात आलेलं नाही. बघू.