जुन्या पलंगाच्या सागवानावर माशांची टाकी

आमच्या दिवाणखान्यातील माशांची टाकी एका जुन्या सागवानी पलंगाच्या लाकडातून केलेल्या स्टँडवर उभी आहे, हे कळल्यावर घरी येणारे बहुतेक जण विचारतात, की आमच्याकडेही एक जुने टेबल पडून आहे, त्यावर टाकी ठेवता येईल का? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो. टेबल आहे तसे वापरू नका. मात्र त्याचे लाकूड चांगले असेल, तर ते सोडवून त्यातून उत्तम स्टँड होतो.

आधी वजनाचा विचार करावा. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 159 लिटर पाणी मावते, म्हणजे वजन जवळजवळ तितकेच किलो. 8 मिलिमीटर काचेचे साधारण 30 किलो आणि तळाची वाळू व दगड धरले, की एकूण भार दोनशे किलोच्या पुढे जातो. टेबलाभोवती बसलेली माणसे जेवून उठतात. टाकी वर्षानुवर्षे तिथेच असते, आणि अशा कायमच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकत जाते. वरची फळी मध्यभागी थोडी जरी दबली, तरी काचेच्या तळावर ताण येतो आणि सिलिकॉनचे सांधे ओढले जातात. टीव्हीचे जुने युनिट तर घेऊच नये, कारण ते बहुधा पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेल्या फळीचे असते. पाणी लागले की तो फुगतो आणि त्यातील स्क्रूची पकड सुटते.

पलंगाचे लाकूड मला या कामासाठी फार आवडते. त्याचे पाय जाड असतात आणि बाजूच्या पट्ट्या लांब व खोल असतात. सहा इंच रुंद, एक इंच जाड पट्टी सपाट टाकण्याऐवजी कडेवर उभी बसवली, तर तिचा ताठपणा 36 पट होतो, कारण ताठपणा रुंदीच्या साध्या प्रमाणात, पण खोलीच्या, म्हणजे उभ्या मापाच्या, घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पुढची आणि मागची पट्टी उभीच बसवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पायाच्या वरच्या टोकाला पटाशीने खाच पाडून पट्टी त्या खाचेत टेकवावी, जेणेकरून वजन लाकडावरून लाकडावर उतरत थेट जमिनीपर्यंत जाईल. स्क्रू आणि फेव्हिकॉल यांचे काम सांधा जागेवर धरून ठेवण्याचे आहे. दोनशे किलो वजन स्क्रूच्या दांड्यावर लटकत ठेवणे मला कधीही मान्य होणार नाही.

उभे वजन पेलणारा स्टँडही बाजूने ढकलला तर डुलू शकतो, आणि ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यासाठी पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना 12 मिलिमीटरचा प्लायवूड चारही कडांनी स्क्रू मारून बसवावा, म्हणजे चौकटीचा काटकोन मोडत नाही. तो बसवण्यापूर्वी प्रत्येक कोपरा गुण्याने, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीने, तपासावा. वरच्या फळीसाठी 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवूड घ्यावा, त्यावर आयएस 710 ही भारतीय मानकाची खूण असते. जुन्या लाकडातील सर्व खिळे आधी काढावेत, आणि बारीक छिद्रांतून भुकटी पडत असेल तर तो तुकडा कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा. पॉलिश सगळीकडून करावे, विशेषतः पायांच्या तळाला आणि प्लायच्या कापलेल्या कडांना, कारण फरशीवर सांडलेले पाणी तिथूनच आत शिरते.

जागा शक्यतो भिंतीलगत, तुळईजवळ निवडावी. रिकाम्या स्टँडवर पाणसळ (सपाटी तपासण्याचे बुडबुड्याचे साधन) दोन्ही दिशांना ठेवून पाहावी. फरक असेल तर पाचर पायाखाली द्यावी, टाकीच्या काचेखाली कधीही नाही. काचेचा तळ थेट फळीवर टेकणार असेल, तर मध्ये थर्माकोलची पातळ शीट घालावी. मग टाकी अर्धी भरून थांबावे, चारही कोपऱ्यांत पाण्याची पातळी वरच्या काठापासून सारख्या अंतरावर आहे का ते मोजावे, पूर्ण भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, आणि त्यानंतरच फिल्टरची वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन जोडावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली गळून पडेल.