भाकरी कमी करण्याआधी गोळ्यांची पाकिटं बघा

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-अथणीकडं जोंधळ्याची भाकरी, खानापूरकडं भात. आणि शुगर निघाली की सगळीकडं सल्ला एकच: भात सोडा, भाकरी खावा. पण जोंधळ्याच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं (पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो भाग) असतात, आणि आपल्याकडच्या मोठ्या भाकरीला ८० ते १०० ग्रॅम पीठ सहज लागतं. दोन भाकऱ्यांत शंभरावर गेलात. शिजलेल्या १५० ग्रॅम भातात सुमारे ४० ग्रॅम येतात. भाकरीत चोथा जास्त, शुगर जरा सावकाश चढते, हे खरं. पण ती चढते.

म्हणून एकदा परातीतलं पीठ वजनकाट्यावर ठेवा. भाकरी थापायच्या आधी, पाणी घालायच्या आधी. हाताचा अंदाज किती चुकतो ते तिथंच दिसतं.

कर्बोदकं कमी केल्यानं शुगर उतरते, यात शंका नाही. अडचण वेगळी आहे. शुगरच्या औषधाचा चालू असलेला डोस जुन्या जेवणाच्या मापानं ठरलेला असतो. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईडच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना रात्रीची भाकरी अचानक बंद केली, तर औषध आपलं काम करतच राहतं आणि पहाटे शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड. ब्लडप्रेशरसाठी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी असेल तर धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही, कधी नुसता घामच येतो. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं दुखणं निराळं. यांच्यावर असताना कर्बोदकं फारच तोडली किंवा कडक उपवास धरला, तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि मशीनवर शुगर फारशी वाढलेली दिसतही नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर आकडा बघत बसू नका, दवाखाना गाठा.

तेव्हा पाकिटं घेऊन आधी डॉक्टरांकडं जावा आणि स्पष्ट विचारा: ‘जेवण कमी करतोय, डोस किती कमी करायचा?’ गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका. टाईप १ मधुमेह असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग घरच्या घरी करूच नये. डोळ्यांचा पडदाही आधी तपासून घ्या. जुनी वाढलेली शुगर झपाट्यानं उतरली तर पडद्याचा आजार काही जणांत तात्पुरता बळावतो.

पहिला आठवडा काहीच बदलू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर वहीत लिहा, शेजारी काय खाल्लं तेही. मग एकाच जेवणातली भाकरी किंवा भात पाव हिश्शानं कमी करा. चार-पाच दिवस आकडे बघून पुढचं जेवण. रिकामी जागा मटकी-मुगाची उसळ, अंडी, मासे, पालेभाजी, दही यांनी भरा. किडनी ठीक नसेल तर डाळी-अंडी मनानं वाढवू नका. एक चूक कायम दिसते: भाकरी अर्धी केली आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून वाडगाभर चिरमुरे. ते तर जवळजवळ निव्वळ कर्बोदकंच! उपवासाचा साबुदाणा तसाच. रताळं त्यापेक्षा बरं, पण १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम तरी धरा. गूळ, काकवी शुगरला साखरेसारखीच.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. साधी साखर ३ छोटे चमचे चालते, पण गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखर आणि गूळ लवकर फुटत नाहीत. तिथं ग्लुकोजच लागतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून घ्या आणि ग्लुकोजचा डबा उशाशी ठेवा. शुगर वर आली की थोडी भाकरी किंवा पोळी खावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. ग्लिमेपिराईडवाल्यांची शुगर वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्या रात्री घरातल्या कुणीतरी उठून दोनदा तरी तपासावी.