तुम्ही विचारलंत म्हणून: उभं का नाही राहत?

दर वेळी तेच. कॉलेज रोडला मिसळ खाताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, परवा तर मेहुणीच्या साखरपुड्यात. "तुम्ही ते सर्फिंग करता ना? मग गुडघ्यावर का? उभं राहता येत नाही?"

येतं हो. म्हणजे, येतं असं म्हणूया.

मराठीत गुडघे टेकले म्हणजे हरलो, तिथूनच सगळी बोंब. पण नीबोर्डवर, म्हणजे गुडघ्यावर बसून लाटेवरून जायच्या आखूड बोर्डवर, गुडघे टेकले की लाट डोळ्यासमोर येते, कमरेएवढी लाटसुद्धा डोक्यावरून आल्यासारखी वाटते, आणि बॅरलमध्ये, म्हणजे वळणाऱ्या लाटेच्या पोकळीत, शिरायला वाकावं लागत नाही. ऑस्ट्रेलियात वुलनगाँगला नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या काकांनी शिकवलं, त्यांची साठी उलटलेली होती. आणि ज्याला तुम्ही खरं सर्फिंग म्हणता ना, त्याचं किती सामान गुडघेवाल्यांकडून गेलंय बघा. 1966 ला सॅन दिएगोत नॅट यंग वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याच्या बोर्डाखालची फिन, म्हणजे दिशा धरणारा पंख, जॉर्ज ग्रीनोच्या डिझाइनची, आणि ग्रीनो स्वतः गुडघ्यावर. ती दोन शेपट्यांची फिश, तीही बोर्डाचीच एक जात, ती स्टीव्ह लिसने गुडघ्यावर बसायलाच बनवली होती, आज तिच्यावर सगळे उभे.

मग हे मागे का पडलं? 1971 ला टॉम मोरीने फोमचा बूगी बोर्ड काढला, स्वस्त, मऊ, पोटावर झोपा नि सुटा, पोरं तिकडे गेली. नीबोर्ड सहसा ऑर्डर देऊनच बनवून घ्यावा लागतो, वर पायात फ्लिपर, ते घालून वाळूत बदकासारखं उलटं चालायचं. ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग आलं तेही उभ्यांचंच.

हे सगळं मी तोंडपाठ सांगतो. कर्नाटकात मुलकीच्या समुद्रावर झालं ते सांगत नाही.

कोकण रेल्वेने गेलो होतो, बायको, मुलगी आणि गोधडीत गुंडाळलेला बोर्ड. सकाळी एक लाट मिळाली, डावीकडे लांबच लांब गेली, तशी नंतर मिळालेली नाही. बाहेर आलो तर भाड्याने बोर्ड देणारा पोरगा अगदी काळजीने विचारतो, "सर, घुटने में प्रॉब्लम है क्या?" तो चांगलाच होता बिचारा. पण मुलीने ऐकलं. अकरा वर्षांची. काही बोलली नाही, फक्त समुद्राकडे बघितलं, तिथे सगळे उभे होते, तिच्याहून लहान पोरंसुद्धा. आणि मी काय केलं, तर त्याच पोराकडून निळा फोमचा बोर्ड घेतला, किनाऱ्याजवळच्या फेसात त्याने मागून ढकललं, मी उभा राहिलो, चार सेकंद, बायकोने फोटो काढला. पडलो ते फोटोत नाही.

तो फोटो आता हॉलमध्ये आहे, फ्रेम करून, आलेल्या प्रत्येकाला दिसेल असा. नीबोर्ड माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्याखाली. आणि त्याच फोटोखाली बसून मी मित्रांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकायचो, की लोकांना नुसता दिखावा हवा म्हणून नीबोर्डिंग संपतंय. तेव्हा मला खरंच तसं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं, बूगी बोर्डाचा वाटा मी काही कमी करणार नाही. पण विचारणाऱ्यांवर चिडायचा हक्क मला कितपत आहे?

गेल्या आठवड्यात बायकोला म्हटलं, तो फोटो काढूया. ती म्हणाली राहू दे, मागे भिंतीला ओल आलीय.